सीसीटीव्हीसाठी सर्व्हर आणि स्टोरेज: नवख्यांसाठी हिशेबाची वाट

सीसीटीव्ही बसवायचे ठरले की कॅमेऱ्यांवर भरपूर खल होतो, आणि सगळे ठरल्यावर शेवटी कुणीतरी विचारते, "मग डिस्क किती टीबीची घेऊ?" या प्रश्नाला थेट उत्तर नाही. डिस्कचा आकडा हिशेबाच्या तळाशी येतो. त्याच्या आधी दिवस, चित्राचा दर्जा आणि बिटरेट (कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा पाठवतो ते) यांचे आकडे पक्के व्हावे लागतात.

हा सगळा हिशेब सर्वांत वाईट रात्रीसाठी करायचा. बाहेर अंधार आणि पाऊस आहे, एक डिस्क बंद पडून तिच्या जागी नवी भरली जाते आहे, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी चार दिवसांपूर्वीचे फुटेज शोधत बसले आहे. या रात्री रेकॉर्डिंग तुटले नाही तर यंत्रणा बरोबर बसली असे समजा. स्वच्छ उन्हातल्या दुपारी कोणतीही यंत्रणा चालते.

पायरी १: आधी कागदावर

फुटेज किती दिवस ठेवायचे ते लेखी घ्या. कायदा, विमा, संस्थेचा नियम, जे लागू असेल त्यावरून हा आकडा येतो. तो "किमान" आहे की "कमाल", हेही विचारून घ्या. काही ठिकाणी ३० दिवसांपेक्षा कमी चालत नाही, काही ठिकाणी खासगीपणाच्या नियमांमुळे ठरावीक दिवसांनंतर फुटेज पुसावेच लागते. दोन्हींची सेटिंग वेगळी असते. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच मुदत लावायची गरज नसते. रोकड मोजण्याच्या खोलीला ९० दिवस आणि जिन्याला १५ दिवस असे गट पाडले तर स्टोरेज बरेच वाचते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कॅमेऱ्याचे काम. कुणीतरी आले एवढे कळायला हवे, की चेहरा ओळखू यायला हवा? आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी सोपे माप दिले आहे: दृश्यातल्या दर मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात. माणूस आहे एवढे कळायला २५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५० पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा २५० च्या हिशेबाने जेमतेम साडेसात मीटर रुंदी धरतो. म्हणजे फाटक सहा मीटरचे असेल तर तिथे फोर-के (३८४० पिक्सेल रुंदीचा) लावून काहीच साधत नाही, आणि चाळीस मीटरच्या आवारात चेहरा हवा असेल तर एक फोर-केसुद्धा पुरत नाही. रिझोल्यूशनचा निर्णय इथे घ्या, कारण पुढची प्रत्येक टीबी इथून निघते.

तिसरी गोष्ट, एकाच वेळी किती जण किती कॅमेरे पाहणार आणि त्यातले किती जण मागचे फुटेज काढणार. हा आकडा बहुतेक कुणी विचारत नाही आणि नंतर सर्व्हरला दोष देतात.

पायरी २: बिटरेट

एक आकडा पाठ करा: १ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून ८६,४०० मेगाबिट. त्याला ८ ने भागले की १०,८०० मेगाबाइट. बिट आणि बाइट यांची गल्लत ही नवख्यांची पहिली चूक आहे. नेटवर्कचे आकडे बिटमध्ये येतात, डिस्कचे बाइटमध्ये. भागिले ८ विसरलात तर आठपट डिस्क मागवाल, दोनदा केलेत तर चार दिवसांत स्टोरेज भरेल.

ध्वनी रेकॉर्ड करायचा असेल तर साध्या ६४ किलोबिटच्या आवाजाचे दिवसाला ०.७ जीबी होतात. चित्रापुढे ते नगण्य आहे.

आता कॅमेऱ्याचा बिटरेट कशावर ठरतो ते पाहू. रिझोल्यूशन आणि कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) सर्वांना ठाऊक असतात. एच.२६४ हे मानक २००३ चे, एच.२६५ हे २०१३ चे. नव्यात तेवढ्याच दर्जाला निम्मी जागा लागते असे सांगितले जाते, पण नियोजनात ३० टक्के बचत धरा. एच.२६५ चे चित्र उलगडायला पाहणाऱ्या संगणकाला जास्त कष्ट पडतात, त्याची नोंद सहाव्या पायरीसाठी ठेवा.

फ्रेमची संख्या ३० वरून १५ केली की बिटरेट निम्मा होईल, असे वाटते. तसे होत नाही. व्हिडिओमध्ये ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र येते, त्याला आय-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेला असतो. जागा मोठ्या प्रमाणात आय-फ्रेम खातात, आणि फ्रेम कमी केल्या की दोन फ्रेममधला बदल मोठा होतो. तरी बहुतेक कामांना १२ ते १५ फ्रेम पुरतात. मोजदादीचे टेबल किंवा वेगवान वाहने असतील तर २० ते २५ घ्या. आय-फ्रेमचे अंतर १ ते २ सेकंद ठेवा. जागा वाचवण्यासाठी ते १० सेकंद केले, तर फुटेज मागेपुढे सरकवताना अडखळते आणि नेटवर्कवर एक पॅकेट हरवले की पुढची आय-फ्रेम येईपर्यंत चित्र फाटलेले राहते. पुरावा म्हणून हवे असलेले दोन सेकंद नेमके त्यातच जातात.

पण सगळ्यांत मोठा घटक कागदावर दिसत नाही: दृश्य. अंधारात सेन्सर आपली संवेदनशीलता वाढवतो, चित्रात रवाळपणा येतो आणि तो रवा दर फ्रेमला बदलतो. व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरला ती हालचाल वाटते. दिवसा २ मेगाबिटवर चालणारा कॅमेरा रात्री ५ किंवा ६ वर जाऊ शकतो. पाऊस, हलणारी झाडे, समोरच्या जाहिरात-फलकाचा उजेड, यांचाही तोच परिणाम. इन्फ्रारेड दिव्यांभोवती कीटक जमतात, त्यांच्या मागे कोळी येतो, लेन्ससमोर जाळे विणतो आणि वाऱ्यावर हलणारे ते जाळे रात्रभर "हालचाल" म्हणून नोंदले जाते. हा विनोद वाटेल, पण बाहेरच्या कॅमेऱ्यांवर महिन्यातून एकदा कापड फिरवणे हा स्टोरेज नियोजनाचाच भाग आहे.

म्हणून बदलता बिटरेट निवडा आणि त्याला कमाल मर्यादा घाला. हिशेब त्या मर्यादेवरच करा. स्थिर बिटरेट ठेवला तर हिशेब सोपा होतो, पण रिकाम्या मार्गिकेवर जागा फुकट जाते. मर्यादाच घातली नाही तर हिशेबाला काही अर्थ राहत नाही. मर्यादा किती ठेवावी हे तक्त्यावरून ठरवू नका. त्याच मॉडेलचा एक कॅमेरा प्रत्यक्ष जागी दोन रात्री लावा, मर्यादा सैल ठेवा आणि बिटरेटचा आलेख बघा. रात्रीच्या चित्राचा दर्जा चालण्याजोगा राहतो ती सर्वांत खालची मर्यादा घ्या.

उत्पादकांचे "स्मार्ट" कोडेक आणि हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग, या दोन्हींमुळे शांत जागी जागा खूप वाचते, गजबजलेल्या जागी जवळजवळ नाही. त्यांना हिशेबात धरू नका. मिळाली बचत तर चार दिवस जास्त फुटेज राहील.

पायरी ३: एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा ४० कॅमेरे आहेत आणि ३० दिवस ठेवायचे आहेत. सगळे एच.२६५ वर, चोवीस तास रेकॉर्डिंग, कमाल मर्यादा अशा:

मार्गिका आणि खोल्या: २४ कॅमेरे, १०८०पी, १५ फ्रेम, प्रत्येकी २ मेगाबिट = ४८ मेगाबिट
बाहेरचे आवार: १० कॅमेरे, ४ मेगापिक्सेल, १५ फ्रेम, प्रत्येकी ४ = ४० मेगाबिट
रुंद फाटके: ६ कॅमेरे, फोर-के, २० फ्रेम, प्रत्येकी ८ = ४८ मेगाबिट

एकूण १३६ मेगाबिट प्रति सेकंद. यात एक गोष्ट बघा: फाटकावरचे ६ कॅमेरे आतल्या २४ कॅमेऱ्यांएवढीच जागा खातात. खर्च कमी करायचा दबाव आला तर कात्री कुठे लावायची ते इथेच दिसते.

१३६ × १०.८ = दिवसाला १,४६९ जीबी. तीस दिवसांचे ४४.१ टीबी. त्यात २० टक्के वाढवा, कारण कॅमेरे वाढतात, आणि एखाद्या घटनेचे फुटेज कुलूपबंद करून ठेवले की ते मुदत संपली तरी पुसले जात नाही. झाले ५२.९ टीबी. फाइल सिस्टिम ९० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, म्हणून ०.९ ने भागा: ५८.८ टीबी. एवढी वापरण्याजोगी जागा हवी.

इथे आणखी एक खाच आहे. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १,००,००० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. १६ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १४.५५ टीबी दिसते. डिस्क सदोष नसते, फक्त मोजपट्टी वेगळी. वरचा सगळा हिशेब डिस्क बनवणाऱ्यांच्या मोजपट्टीत आहे. मध्येच पट्टी बदलू नका.

पायरी ४: रेड कोणती

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक मोठी, आणि त्यातली एखादी गेली तरी डेटा शाबूत. रेड-५ मध्ये एका डिस्कची जागा सुरक्षिततेला जाते, रेड-६ मध्ये दोन डिस्कची, रेड-१० मध्ये निम्मी. आजच्या मोठ्या डिस्कवर फुटेज ठेवायचे असेल तर रेड-६ घ्या, आणि रेड-५ चा मोह टाळा.

कारण असे. डिस्क बदलल्यावर नवीवरचा डेटा उरलेल्या सगळ्या डिस्क वाचून पुन्हा तयार करावा लागतो. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने सलग लिहिली तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास लागतात. प्रत्यक्षात रेकॉर्डिंग चालूच असते, डिस्कच्या आतल्या भागात वेगही कमी असतो, म्हणून दोन ते चार दिवस धरा. रेड-५ मध्ये एवढा वेळ तुम्ही एकाही आधाराशिवाय असता. उरलेल्या डिस्क त्याच वयाच्या, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या, आणि नेमक्या आताच त्यांना कडेपासून कडेपर्यंत वाचले जाते आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १०^१४ बिट वाचनामागे एक न वाचता येणारी जागा, अशी मर्यादा दिलेली असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. सहा डिस्कच्या रेड-५ मध्ये नवी डिस्क भरताना पाच डिस्क, म्हणजे ८० टीबी, वाचाव्या लागतात. बऱ्याच डिस्क त्या मर्यादेपेक्षा खूप चांगल्या चालतात, पण तेवढ्या भरवशावर महिनाभराचे फुटेज ठेवू नये.

आपल्या उदाहरणात १६ टीबीच्या डिस्क घेतल्या तर डेटाच्या ४ (६४ टीबी), सुरक्षिततेच्या २ आणि आयत्या वेळी आपोआप कामाला लागणारी १ राखीव, अशा ७ डिस्क. १२ टीबीच्या घेतल्या तर डेटाच्या ५ (६० टीबी), २ आणि १, म्हणजे ८. आठ खणांच्या पेटीत पहिल्या पर्यायाला एक खण मोकळा राहतो. तरीही दुसरा पर्याय लगेच टाकून देऊ नका. का ते पुढच्या पायरीत.

रेड म्हणजे बॅकअप मात्र नाही. चुकून पुसलेले फुटेज, पेटीला लागलेली आग, बिघडलेला कंट्रोलर (रेड सांभाळणारे कार्ड), यांपैकी कशापासूनही रेड वाचवत नाही. घटनेचे फुटेज त्याच दिवशी काढून दुसरीकडे ठेवायची पद्धत लावा.

पायरी ५: डिस्कवर किती ओझे येते

डिस्क विकत घेताना बहुतेक जण फक्त क्षमता बघतात. माहितीपत्रकात "वार्षिक कार्यभार" नावाची एक ओळ असते: वर्षभरात किती टीबी वाचन आणि लेखन मिळून डिस्कने सोसावे. घरगुती संगणकाच्या डिस्कला हा आकडा बराच कमी असतो आणि तो चोवीस तास चालण्यासाठी नसतो. सीसीटीव्हीसाठीच्या सर्वसाधारण डिस्कना, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, तो वर्षाला १८० टीबी असतो, आणि त्यांच्या वरच्या श्रेणीला ५५०.

आता हिशेब करा. १३६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १७ मेगाबाइट. वर्षाचे ५३६ टीबी. हे ४ डेटा-डिस्कवर वाटले जाते (सुरक्षिततेचा भाग धरून प्रत्येक डिस्कवर तेवढेच लिहिले जाते), म्हणजे डिस्कमागे १३४ टीबी. १८० च्या आत, पण वाचनासाठी आणि नव्या डिस्कच्या भरणीसाठी ४६ टीबीच उरले. १२ टीबीच्या डिस्क घेतल्या तर तेच ५३६ पाचांत वाटले जातात, डिस्कमागे १०७. ओझे हलके झाले.

काही व्हीएमएस (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग सांभाळणारी सॉफ्टवेअर) आधी एका "चालू" जागेत रेकॉर्ड करतात आणि दिवसातून एक-दोनदा ते "संग्रहात" हलवतात. दोन्ही जागा एकाच ॲरेवर (रेडने जोडलेल्या डिस्कच्या संचावर) ठेवल्या तर प्रत्येक बाइट एकदा लिहिला जातो, मग वाचला जातो, मग पुन्हा लिहिला जातो. १३४ चे झाले ४०२. यंत्रणा चालते, पण डिस्क दीड-दोन वर्षांत एकामागून एक जाऊ लागल्या तर नवल वाटायला नको. अशा वेळी चालू जागा वेगळ्या, लेखनाला टिकाऊ एसएसडीच्या जोडीवर ठेवा, किंवा ५५० च्या श्रेणीतल्या डिस्क घ्या.

डिस्क घेताना एसएमआर प्रकारची नाही ना, हे तपासा. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे एका जागी लिहिताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागते. रोजच्या कामात कदाचित जाणवणार नाही, रेडची भरणी मात्र अशा डिस्कवर दिवसांचे आठवडे करते. सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली) असे स्पष्ट लिहिलेलीच घ्या. रेडसाठीच्या डिस्क खराब जागा वाचताना थोडक्या सेकंदांत हात टेकतात आणि कंट्रोलरला कळवतात. घरगुती डिस्क मिनिटभर प्रयत्न करत बसते, आणि कंट्रोलर ती मेली असे समजून तिला बाहेर काढतो.

फुटेजवर डेटा-संकोच किंवा दुहेरी प्रती काढून टाकणारी सोय चालू करू नका. व्हिडिओ आधीच दाबून बसवलेला असतो. जागा वाचत नाही, प्रोसेसर मात्र तापतो.

पायरी ६: सर्व्हर

सेकंदाला १७ मेगाबाइट लिहिणे कोणत्याही सर्व्हरला किरकोळ आहे. सर्व्हर दमतो तो दुसऱ्या कामांनी. सर्व्हरवर हालचाल ओळखायला लावली तर कॅमेऱ्यांकडून येणारे व्हिडिओचे ४० प्रवाह सतत उलगडावे लागतात. हे काम कॅमेऱ्यावरच करा आणि सर्व्हरला फक्त सूचना येऊ द्या. तेवढे केले की ४० कॅमेऱ्यांना मध्यम क्षमतेचा प्रोसेसर आणि १६ ते ३२ जीबी मेमरी पुरते. चेहरा किंवा वाहन-क्रमांक ओळखायचा असेल तर त्याला ग्राफिक्स कार्डसह वेगळे यंत्र द्या. रेकॉर्डिंगच्या यंत्राला रेकॉर्डिंगच करू द्या.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि व्हीएमएसचा डेटाबेस दोन छोट्या एसएसडींच्या रेड-१ वर ठेवा, फुटेजच्या ॲरेवर अजिबात नको. ॲरे बिघडला तरी यंत्र सुरू व्हायला हवे.

रेड कंट्रोलरला बॅटरी किंवा फ्लॅशचा आधार असलेली कॅश (तात्पुरती वेगवान मेमरी) हवी. ४० प्रवाह एकदम लिहिले जातात तेव्हा डिस्कच्या दृष्टीने ते सलग लेखन राहत नाही, डोके इकडून तिकडे उडत राहते. कॅश त्याला एकत्र करून मोठ्या तुकड्यांत लिहिते. काही वर्षांनी बॅटरी मरते, कंट्रोलर सुरक्षिततेसाठी गुपचूप कॅश बंद करतो, आणि एके दिवशी कुणी फुटेज बघायला बसले की रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम गळू लागतात. सगळे नेटवर्क तपासत बसतात. आधी कंट्रोलरची नोंदवही उघडा.

पाहणाऱ्या संगणकाकडे लक्ष द्या. १६ चौकटींत फोर-केचे मुख्य प्रवाह २० फ्रेमने उघडले तर सेकंदाला सुमारे २६५ कोटी पिक्सेल उलगडावे लागतात. त्याच चौकटींत ६४० × ३६० चा दुय्यम प्रवाह (कॅमेरा मुख्य प्रवाहाबरोबर पाठवतो ते लहान चित्र) १५ फ्रेमने लावला तर साडेपाच कोटी. चौकट एवढीशी असते, डोळ्याला फरक दिसत नाही. चौकटींच्या जाळीसाठी दुय्यम प्रवाह आणि एकच कॅमेरा मोठा केला की मुख्य, ही सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

छोट्या कामाला तयार एनव्हीआर पेटी (सर्व्हर आणि डिस्क एकत्र असलेला रेकॉर्डर) चालते. फक्त चॅनेलची संख्या न बघता एकूण आत येणारी बँडविड्थ बघा. ३२ चॅनेल आणि १६० मेगाबिट असे लिहिले असेल तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला ५ मेगाबिट येतात. स्वस्त पेट्यांत रेड नसते. डिस्क गेली की तिच्यावरच्या कॅमेऱ्यांचा इतिहास गेला.

एकच सर्व्हर असेल तर तो बंद पडल्यावर ४० कॅमेरे आंधळे होतात. राखीव सर्व्हर परवडत नसेल तर निदान महत्त्वाच्या कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घाला. ४ मेगाबिटला १२८ जीबीचे कार्ड अडीच-पावणेतीन दिवस पुरते, ८ मेगाबिटला दीड दिवसही नाही. कार्डावर सतत रेकॉर्ड करू नका, संपर्क तुटल्यावरच करा. नाहीतर दर तीन दिवसांनी अख्खे कार्ड पुन्हा लिहिले जाते आणि ते लवकर मरते. संपर्क परत आल्यावर कार्डावरचे फुटेज आपोआप सर्व्हरवर ओढले जाते का, हे व्हीएमएस आणि कॅमेरा दोन्हींवर अवलंबून आहे. ऑनव्हिफ या सामाईक मानकातले प्रोफाइल जी त्यासाठीच आहे, तरी करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पायरी ७: नेटवर्क आणि वीज, थोडक्यात

कॅमेऱ्यांचे नेटवर्क वेगळे ठेवा आणि सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट द्या, एक कॅमेऱ्यांकडे, एक पाहणाऱ्यांकडे. १ गिगाबिटच्या दुव्यावर ६०० ते ७०० मेगाबिटच्या वर नियोजन करू नका. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर.

स्विचचे पीओई पोर्ट (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे) मोजण्याबरोबर त्याचे एकूण वॅटही मोजा. साधा पीओई पोर्ट १५.४ वॅट देतो, पण २४ पोर्टच्या अनेक स्विचना सगळे पोर्ट एकदम तेवढे देता येत नाहीत. कॅमेरे रोज संध्याकाळी ठरावीक वेळी रीबूट होत असतील, तर इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हा वीज कमी पडते आहे.

यूपीएसवर सर्व्हर, डिस्कची पेटी आणि स्विच तिन्ही हवेत. सर्व्हर चालू आणि स्विच बंद असेल तर रेकॉर्ड काय करणार? यूपीएसची सर्व्हरशी केबल जोडून बॅटरी संपायच्या आधी यंत्र नीट बंद होईल अशी व्यवस्था करा. उष्णतेचाही हिशेब धरा: ५०० वॅटची रॅक म्हणजे तासाला सुमारे १,७०० बीटीयू उष्णता, रात्रंदिवस. कार्यालय बंद झाल्यावर वातानुकूलन बंद होत असेल तर ती खोली सर्व्हरसाठी योग्य नाही.

पायरी ८: मांडणी करताना

विंडोजवर फुटेजच्या डिस्कला जीपीटी विभागणी द्या. जुनी एमबीआर पद्धत २ टीबीपुढे जात नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमचा क्लस्टर (जागा वाटण्याचा सर्वांत लहान तुकडा) ६४ केबी ठेवा. ४ केबी क्लस्टरने व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जातच नाही, आणि फॉरमॅट केल्यावर क्लस्टर बदलायचा म्हणजे सगळे पुसून पुन्हा सुरुवात. त्या डिस्कवर अनुक्रमणिका बनवणारी सेवा बंद करा, अँटीव्हायरसला फुटेजचे फोल्डर वगळायला सांगा. अँटीव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासू लागला की लिहिणाऱ्या व्हीएमएसशी त्याची झटापट सुरू होते. आपोआप होणारे अपडेट आणि रीबूट ठरवलेल्या वेळी, माणूस समोर असताना होऊ द्या.

सगळ्यांची घड्याळे एकाच एनटीपी स्रोताला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) बांधा: कॅमेरे, सर्व्हर, पाहणारे संगणक. नाहीतर वीज जाऊन आली की एखादा कॅमेरा १९७० सालात जातो आणि त्याचे फुटेज शोधूनही सापडत नाही.

व्हीएमएसमध्ये दोन मर्यादा असतात, दिवस आणि जागा. जी आधी गाठली जाईल तिच्यावर जुने फुटेज पुसले जाते. सेटिंगमध्ये ३० दिवस लिहिले आहे आणि जागेची मर्यादा १९ व्या दिवशी गाठली जाते, तर तुमच्याकडे १९ दिवसांचेच फुटेज आहे, आणि पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक कॅमेऱ्याच्या सर्वांत जुन्या फुटेजची तारीख बघा. रेकॉर्डिंग तुटल्याचा इशारा, ॲरेची अवस्था आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या स्मार्ट नोंदींपैकी ५, १९७ आणि १९८ या तिन्ही ईमेलवर येऊ द्या. हे तीन आकडे शून्यावरून वर चढू लागले तर डिस्क मरायची वाट न बघता बदला.

पायरी ९: ताब्यात घेण्याआधीची परीक्षा

सगळे कॅमेरे चालू, रात्रीची वेळ. दोन माणसे मागचे फुटेज वेगाने पुढे पळवत आहेत. आता ॲरेतली एक डिस्क खेचून बाहेर काढा. राखीव डिस्क आपोआप कामाला लागली का, इशारा पोहोचला का, आणि भरणी चालू असताना कोणत्या कॅमेऱ्याच्या किती फ्रेम गळल्या, हे लिहून ठेवा. फ्रेम गळत असतील तर कंट्रोलरमध्ये भरणीचा प्राधान्यक्रम कमी करा आणि किती जास्त दिवस लागतात ते मोजा. भरणी पूर्ण संपल्यावरच पुढची परीक्षा घ्या.

मग यूपीएसची मुख्य वीज बंद करा आणि बॅटरी संपेपर्यंत थांबा. वीज परत आल्यावर कोणी हात न लावता सर्व्हर उठला का, व्हीएमएसची सेवा सुरू झाली का, चाळीसच्या चाळीस कॅमेरे परत आले का. एखादे फुटेज बाहेर काढून दुसऱ्या साध्या संगणकावर चालवून बघा.

एवढे सगळे जमले तरी ॲरे अजून रिकामाच असतो. डिस्क पहिल्यांदा भरून जुने पुसायला सुरुवात होते ती एकतिसाव्या दिवसाच्या आसपास, आणि त्या वेळी वाचन, लेखन आणि पुसणे तिन्ही एकदम चालू होते. तोवर न दिसलेला मंदपणा इथे दिसतो. म्हणून कंत्राटात शेवटची भेट पस्तिसाव्या दिवशी लिहा, आणि त्या दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचे सर्वांत जुने फुटेज उघडून तारीख, वेळ आणि रात्रीचे चित्र तपासा.